सोमवारी परत येणारं तेल

२, रविवार

अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, तो परत वळणावर यावा म्हणून हाताच्या व्यायामवाल्या बाईंनी बजावलंय, रोज उजव्या हाताने अर्धं पान लिहायचं. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काहीही लिहा काका, सामानाची यादी लिहा." सामानाची यादी सूनबाई दुकानात फोन करून सांगते, म्हणजे ती वाट बंद. म्हणून ही वही. अक्षर बघून माझी मलाच लाज वाटली. चाळीस वर्षं लॉंड्रीत पावत्या लिहिल्या, एकाही गिऱ्हाइकाने हे काय लिहिलंय म्हणून विचारलं नाही. आता 'क' काढायला जावं तर त्याचा 'फ' होतो.

दुसरा व्यायाम स्पंजाचा. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. रिकामा स्पंज दाबत बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. स्पंज हातात घेतलाच आहे तर काहीतरी स्वच्छ तरी होऊ दे. म्हणून दर रविवारी सूनबाईची मोटारसायकल धुतो. आजचा पाचवा रविवार. आधी रॉकेलच्या फडक्याने चेन, मग हँडलचे सांधे, मग स्टँडची बिजागरी, सगळीकडचं काळं काढायचं. मग साबण. मग पाइपने जोरात पाणी. ही पोरगी बाळंतपणं करणारी नर्स, डोंगरावरच्या घरांपर्यंत जाते, आणि गाडी बघाल तर जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात तिथे ग्रीसचा थर! चाळीस वर्षं मी कपड्यांवरचं तेल काढलं. तेल दिसलं की माझा हात शिवशिवतो, आजारी असलो तरी.

धुऊन झाल्यावर गाडी अशी दिसत होती की दुकानात मांडावी. सूनबाई खाली आली, बघून म्हणाली, "वा बाबा, आरसाच केलात." माणसाची कदर आहे तिला.

३, सोमवार

सकाळी फिरायला गेलो. आल्यावर सहज गाडीजवळ उभा राहिलो. चेन काळी. क्लचच्या लिव्हरच्या सांध्याला बोट लावलं तर बोट तेलकट.

काल पुसलं होतं ना? पुसलं होतं. म्हणजे असं मला वाटतं.

४, मंगळवार

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याला गल्लीत सगळे पान्हा म्हणतात, त्यालाही ते आवडतं. म्हटलं, इंजिनातून तेल गळतंय का बघ, सूनबाईच्या गाडीला रविवारी पुसलं की सोमवारी परत तेल येतं. त्याने मान खाली घातली, कुठलातरी नट शोधायला लागला. मग म्हणाला, "काका, गाडी जुनी झाली की तिला घाम येतो." मी म्हटलं, हँडलला कसला घाम? तर म्हणाला, "तुम्ही धूत राहा. छान धुता." आणि तोंड फिरवून खोकला काढत बसला. खोकल्यासारखा खोकला नव्हता तो. याला स्वतःला काही कळत नाही आणि कबूल करायची लाज, दुसरं काय.

९, रविवार

आज पुरावा ठेवायचं ठरवलं. इथे लिहून ठेवतो: सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चेन पूर्ण पुसली. तीन फडकी काळी झाली. क्लचची लिव्हर, ब्रेकची लिव्हर, पायाचा ब्रेक, साइडस्टँड, पाय ठेवायचे दोन्ही दांडे, सगळं कोरडं केलं. प्रत्येक ठिकाणी पांढरं फडकं फिरवून बघितलं, पांढरंच राहिलं.

खाली सही करतो. सही मात्र पहिल्यासारखी आली. बरं वाटलं.

१०, सोमवार

सगळीकडे तेल.

वही उघडून कालचं पान तीनदा वाचलं. अक्षर माझं, सही माझी. मग हे तेल लावलं कुणी? रात्री फाटकाला कुलूप असतं. मुलगा दूरच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी येतो. सूनबाई कामावरून आली की तिला चप्पल काढायचं त्राण नसतं. राहिलो मी.

म्हणजे एकतर मी पुसलंच नाही आणि पुसलं असं लिहिलं. नाहीतर मीच नंतर जाऊन तेल लावलं आणि विसरलो.

थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग मी. शेवटच्या वर्षी मला विचारायचा, "लॉंड्रीवाले, माझा भाऊ आज आला नाही का कामावर?" मी म्हणायचो, येईल हो एवढ्यात. बाहेर येऊन रडायचो.

हाताचं काही वाटत नाही मला. हात गेला तर डावा आहे. डोकं गेलं तर दुसरं कुठून आणणार? सूनबाईच्या गळ्यात असा म्हातारा पडायला नको. तिला यातलं काही सांगायचं नाही.

१२, बुधवार

जेवताना सूनबाईची नखं दिसली. कडेला काळं. मी म्हटलं, अगं, नर्सची नखं अशी? जन्मलेल्या पोराला हाच पहिला हात लागणार ना? ती हात टेबलाखाली घेऊन म्हणाली, "चुकलं बाबा, घासते." आणि उगीचच हसली. हल्ली जरा गबाळी झालीये. काम फार पडतं बिचारीला.

तिचं एक मात्र आहे, माझ्या फिरण्याची काळजी माझ्यापेक्षा तिला जास्त. सोमवारी तर दारात उभी राहून सांगते, "दोन फेऱ्या मारून या हं, घाई करू नका."

१५, शनिवार

सूनबाई चार दिवस प्रशिक्षणाला गेली, बसने. गाडी घरीच. मुलगा आलाय सोबतीला, बुधवारपर्यंत राहणार. तो झोपायलाच आल्यासारखा झोपतो.

१६, रविवार

आज कसर ठेवली नाही. लॉंड्रीतली जुनी युक्ती काढली. तेलाचा डाग नुसत्या साबणाने जात नाही, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, ती तेल ओढून घेते, मग झटकायची. हँडलवरच्या बटणांच्या फटीत, लिव्हरच्या सांध्यात, स्टँडच्या बिजागरीत, सगळीकडे पावडर घातली. अर्धा डबा संपला. मग पाणी. गाडीला बाळासारखा वास यायला लागला.

१७, सोमवार

फिरून आलो आणि चप्पल न काढता थेट जिन्याखाली गाडीजवळ गेलो. कोरडं! बोट फिरवलं, कोरडं!

१८, मंगळवार

आजही कोरडं. चेन चांदीसारखी. मुलाला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "चेन अशी असते?" त्याला काय कळतंय. मी मनात म्हटलं, बाबा रे, तुला माहीत नाही तू काय बघतोयस. तुझ्या बापाचं डोकं शाबूत आहे, ते बघतोयस.

दुपारी झोप लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

२०, गुरुवार

आज गल्लीत तमाशा झाला. सूनबाई काल संध्याकाळी आली. आज सकाळी चहाचा कप तोंडाला लावते तोच फोन, डोंगरावरच्या घरी बाई अडलीय. तशीच निघाली. स्टँड वर जाईना, तिने दोन लाथा घातल्या. फाटकाबाहेर पडताना हॉर्न दाबला तो दाबलेलाच राहिला. पोंऽऽऽ करत गाडी गेली ती गल्ली संपली, बाजार संपला, तरी ऐकू येत होती. लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत होते. बाजारातला घड्याळवाला नंतर म्हणाला, ॲम्ब्युलन्सला देत नाहीत एवढी वाट दिली लोकांनी.

ती दुपारी आली. बाळंतीण सुखरूप, मुलगी झाली, सव्वातीन किलोची. ऐकून हायसं वाटलं. मी विचारलं, हॉर्नला काय झालं? म्हणाली, "पाणी गेलं असेल बाबा बटणात. वर पोचल्यावर वायर उपटून टाकली." आणि गाडी आत ढकलत नेली. डाव्या हाताचं कोपर खरचटलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, दाराला घासलं.

मी जास्त खोदून विचारलं नाही. गाडी जुनी झाली, विकून टाकायला हवी.

२१, शुक्रवार

तेल परत आलं. चेनला, लिव्हरला, स्टँडला. आणि पावडर एवढीशीही कुठे नाही.

चार दिवस मी उगाच आनंदात होतो. चार दिवस चांगले, मग पुन्हा तेच, थोरल्याचंही असंच वर खाली व्हायचं.

सोमवारी डॉक्टरांकडे तपासणीला जायचंच आहे. तेव्हा सांगून टाकतो. लपवून किती दिवस लपवणार?

२४, सोमवार

आज सगळं सविस्तर लिहिणार आहे. हात दुखला तरी चालेल.

गाडीवर मागे बसून गेलो. दवाखान्यात सूनबाईला म्हटलं, तू बाहेर बस. पण नर्सला दवाखान्यात बाहेर बसवणारा अजून जन्मायचाय. आली आत.

डॉक्टर म्हणाले, "बोला, हात कसा आहे?"

म्हटलं, "हात राहू द्या. डोकं बघा."

ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारतो म्हणाले. चमचा, घोडा, पूल, निळा, घंटा. मग घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग शब्द विचारले. चार आले, एक काही केल्या येईना.

"चार म्हणजे छान आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला असं का वाटतं की विसरायला होतंय?"

तेव्हा मी पिशवीतून ही वही काढली. सगळं सांगितलं. रविवारी मी तेल पुसतो, सोमवारी ते असतं. नऊ तारखेचं पान वाचून दाखवलं, तीन फडकी, दहा वाजून वीस मिनिटं, सही. थोरल्याचंही सांगितलं. सूनबाईकडे न बघता सांगितलं, कारण बघितलं असतं तर जमलं नसतं. शेवटी म्हटलं, "हे पुढे वाढणार असेल तर आत्ताच सांगा. मला एखाद्या ठिकाणी ठेवायची सोय करतो, हिच्यावर भार नको."

सूनबाईने वही माझ्या हातातून घेतली. पानं उलटत गेली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "ते तेल मी लावते."

मला कळलंच नाही. डॉक्टरांनाही नाही. ते म्हणाले, "कोण लावतं?"

"मी. दर सोमवारी सकाळी, हे फिरायला गेले की. धुतल्यावर लावावंच लागतं. नाहीतर सांधे कोरडे पडतात, बटणं अडकतात."

मी म्हटलं, "परत सांग." मला ऐकू आलं होतं. पण ते वाक्य परत ऐकायचं होतं.

तिने परत सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. डॉक्टर कधी माझ्याकडे बघत, कधी तिच्याकडे. मी टेबलाची कड धरून बसलो होतो. तीन आठवडे जो घोर लागला होता तो एका वाक्यात गेला. मला वेड लागलेलं नाही. मी पुसतो तेव्हा खरंच पुसतो. मी लिहितो ते खरं असतं.

जिना उतरताना मी तिला विचारत होतो, मला आधी का नाही सांगितलंस, आणि मध्येच ओरडलो, "घोडा!" वर येणारा एक पेशंट दचकून भिंतीला चिकटला.

२५, मंगळवार

आज राग आला. काल सुटलो त्या आनंदात राग यायचा राहून गेला होता. दोन महिने माझ्याच घरात माझ्यामागे हे चाललं होतं आणि पान्ह्यालाही ठाऊक होतं! हिने त्याला सांगून ठेवलं होतं, बाबांना काही बोलू नकोस. घाम येतो म्हणे. दुपारी जेवलो नाही.

चारला सूनबाई चहा घेऊन आली आणि खुर्चीसमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, तुम्ही तीन महिने या खुर्चीतून उठत नव्हता. आंघोळीला चला म्हटलं तरी भिंतीकडे तोंड करायचा. ज्या दिवशी बादली घेऊन खाली गेलात ना, त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसून खाली बघते तर तुम्ही चेनला रॉकेल लावताय. काय करणार होते मी? बाबा, हे चुकतंय म्हटलं असतं तर?"

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, बादली तिथेच ठेवून परत येऊन बसलो असतो. कायमचा.

"आणि मला काय माहीत तुम्ही मनात असलं काही धरून बसलाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला पत्ताच नाही. सांगायचंत ना."

"तू सांगायचंस ना."

चहा प्यालो. मग विचारलं, गुरुवारी कोपर कशाने खरचटलं, खरं सांग. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, चढावर क्लचची लिव्हर दाबली ती परत आलीच नाही. पावडर ओली होऊन सांध्यात चिखल झाला होता. गाडी मागे सरकायला लागली, ब्रेक धरता धरता ती भिंतीवर रेलली. उजवीकडे रेलली असती तर उतार होता.

माझ्या हाताने केलं हे, एवढ्या मायेने केलं. ती सुखरूप समोर बसली होती म्हणून बरं.

मग म्हटलं, "मला शिकव."

३०, रविवार

शिकलो. आयुष्यभर जे काढलं ते आपल्या हाताने लावायचं, हाताला पटतच नव्हतं.

आधी पाइप जोरात मारायचा नाही, बटणांवर तर नाहीच. धुतल्यावर फडक्याने टिपायचं, मग फटींमधलं पाणी फुंकून काढायचं. बटणांत पाणी हाकलणारा स्प्रे नळीने अगदी थोडा, आणि लगेच बटण दहा-बारा वेळा दाबायचं. स्टार्टर, हॉर्न, इंडिकेटर, सगळी. दाबताना आवाज बदलतो, आधी कचकच होते, मग टिकटिक. लिव्हरच्या सांध्यात थेंब, केबलच्या टोकाला थेंब, स्टँडला ग्रीस, पायाच्या दांड्यांना ग्रीस. चेनला शेवटी, आतल्या बाजूने, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत. उरलेलं पुसून काढायचं. "हे पुसायला तुम्हाला सांगायला नको," म्हणाली.

एकदाच ओरडली. माझा हात हलला आणि स्प्रेची नळी ब्रेकच्या चकतीकडे वळली. "तिथे नाही! तिथे थेंबसुद्धा नाही, नाहीतर ब्रेक लागणारच नाही." मी नळी खाली ठेवली. माझ्या हाताला हे काम देऊ नकोस म्हणालो. ती म्हणाली, "चकतीवर आधी फडकं बांधा आणि नळी डाव्या हाताने धरा. उजव्याने बटणं दाबा, व्यायाम होईल." तसं केलं. जमलं. एकदा थेंब चुकून माझ्या पायजम्यावर पडला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तेलाच्या डागाकडे बघून काहीही केलं नाही.

झाल्यावर तिने एकेक गोष्ट तपासली. लिव्हर दाबून सोडली, स्टँड चार वेळा खालीवर केला, चकतीवर पांढरं फडकं फिरवलं. तपासणारच. तिच्या जागी मी असतो तर मीही तपासलं असतं.

पान्हा फाटकाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, घाम कमी झाला का?" मी स्प्रे त्याच्याकडे वळवला. पळाला.

७, रविवार

आज एकट्याने. मुलगा आलाय, तो झोपला होता. सूनबाई वर काही आवरत होती. सहाला सुरुवात केली, साडेआठला चेन पुसून हात धुतले. चकतीवरचं फडकं सोडायच्या आधी दोनदा बघितलं.

तेवढ्यात वर तिचा फोन वाजला. दुसरं बाळंतपण, कळा जोरात, लांबची वस्ती. ती पिशवी घेऊन धाडधाड उतरली.

"बाबा, झाली का गाडी?"

"झाली. पण तू एकदा बघून घे. क्लच बघ, स्टँड बघ, चकती बघ."

तिने हेल्मेट डोक्यात घातलं. "तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय."

"मग झालं."

बसली, पायाने स्टँड उडवला, बटण दाबलं, गेली. लिव्हरला हातसुद्धा लावून बघितला नाही. कोपऱ्यावर हॉर्न वाजला आणि थांबला.

मी फाटकाशीच उभा राहिलो. वर जाववेना. मनात पहिल्यापासून एकेक ठिकाण फिरून आलो. डावीकडची बटणं, उजवीकडची बटणं, क्लचचा सांधा, ब्रेकचा सांधा, केबलची दोन टोकं, पायाचा ब्रेक, दोन दांडे, स्टँड, चेन. चकती कोरडी. फडकं सोडून खिशात घातलेलं. खिशात हात घातला, फडकं होतं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. एकही ठिकाण राहिलं नव्हतं, एकही मी विसरलो नव्हतो.

तरी चढ यायची वेळ झाली तेव्हा तिसऱ्यांदा पहिल्यापासून म्हटलं. मुलाने वरून विचारलं, "बाबा, उन्हात काय उभे आहात?" त्याला म्हटलं, तू झोप.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला. मागे कुणीतरी बाई कण्हत होती, कुणी पाणी मागत होतं.

"पोचले, बाबा," एवढंच म्हणाली आणि ठेवला. कामात होती.